बदलापूरचा फ्लॅट आणि हरवलेले ६,८०० रुपये

ताई, नमस्कार.

मी ३२ वर्षांची. माहेर संगमेश्वरजवळ, सासर पाटण तालुक्यात. भांडुपला वन आरकेमध्ये भाड्याने राहतो. मी मुलुंडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरला आहे, हातात २६,००० येतात. मिस्टर पवईला एका कंपनीत अकाउंट्सला, त्यांचे ५४,०००. मुलगी साडेचार वर्षांची. घरात ८०,००० येतात आणि २२ तारखेनंतर मी भाजीवाल्याच्या तोंडाकडे बघत असते.

खर्च असा : भाडं १९,५००. किराणा, दूध, भाजी मिळून १४,०००. पाळणाघर ६,०००. शाळेची महिन्याची फी ३,५००. लाइट, गॅस, मोबाइल, नेट ३,८००. येणंजाणं ३,२००. सासरी १०,०००. दिरांच्या लग्नाला पर्सनल लोन काढलं होतं, त्याचा हप्ता ८,७००, अजून १४ राहिलेत. औषधपाणी २,०००. विमा २,५००. शिवाय जूनमध्ये शाळेचे वेगळे पैसे लागतात. गणपतीत माहेरी आणि यात्रेला सासरी जावंच लागतं. दर ११ महिन्यांनी खोली बदलायची वेळ येते ते वेगळंच.

मिस्टरांनी बदलापूरला फ्लॅट बघितलाय. वन बीएचके, ३४ लाख, ताबा तीन वर्षांनी. ते म्हणतात, भाडं म्हणजे पैसे पाण्यात आणि हप्ता म्हणजे आपल्याच घरात. साडेतीन लाखांची एफडी आहे, कमी पडतील तिथे माझे दागिने मोडायचे.

सासरे माथाडी होते. यंदा यात्रेत चारचौघांत म्हणाले, ‘आम्ही एकट्याच्या मजुरीवर गावाला घर बांधलं, दोन भावांची लग्नं लावली. तुम्ही दोघं कमवता आणि हात कायम आखडलेला.’ मी गप्प बसले. तेव्हापासून वाटतंय की चूक माझीच असणार. फळं आणणं बंद केलंय. स्टेशनवरून चालत येते, रिक्षाचे २६ रुपये वाचवते. तरी पुरत नाही. गळतंय कुठे? फ्लॅट घ्यावा का? की सरळ कराडला निघून जावं?

– एक वाचक, भांडुप (पश्चिम)

*

भांडुपच्या मैत्रिणीस,

३१ वर्षं बँकेत काढल्यामुळे आकडे एकाखाली एक दिसले की माझा हात आपोआप बेरीज करायला लागतो. तुमची महिन्याची बेरीज ७३,२०० होते. ८०,०००मधून ती वजा केली तर ६,८०० उरायला हवेत. तुम्ही म्हणता उरत नाहीत, आणि तुमचं बरोबर आहे. ते कुठे जातात हे तुम्हीच लिहिलंय, फक्त ‘शिवाय’ म्हणून शेवटी ढकललंय.

तेवढंच ‘शिवाय’ मी कागदावर मांडलं. खोली बदलताना दलालाला एक भाडं, १९,५००. टेम्पो, हमाल आणि नव्या खोलीत पहिल्या आठवड्यात होणारी फुटकळ खरेदी, ६,००० धरू. गणपती आणि यात्रा, तिघांचं जाणंयेणं, पिशव्या भरून खाऊ, देणंघेणं, एका वेळचे १२,००० म्हणजे दोन्हींचे २४,०००. जूनमधले शाळेचे पैसे, गणवेश, वह्या, दप्तर, १८,०००. वर्षभरातली लग्नं, बारशी, आहेर, कुणी गेलं तर जाणं, यांचे १२,०००. काही आकडे मी अंदाजाने घेतलेत, तुम्ही तुमचे घाला. माझी बेरीज ७९,५०० आली. तिला १२ने भागलं की महिन्याला ६,६२५.

म्हणजे ६,८००मधले १७५ रुपये उरतात. तेवढी तुमची चैन. गळत काहीच नाहीये हो. पैसे जिथे जायचे तिथेच जातायत, फक्त ते दर महिन्याला न जाता वर्षातून चारपाच वेळा धाडकन जातात, आणि मधल्या महिन्यांत ते ‘उरलेले’ वाटतात म्हणून किराण्यात, औषधात, एखाद्या बर्थडेत विरघळून जातात. तेव्हा कोथिंबिरीच्या जुडीवर संशय घेणं आधी थांबवा.

आणि फळं बंद केलीत ना, ते वाचून मला खरंच राग आला. तुमच्यावर नाही. मुंबई महाग आहे असं म्हणताना आपण सगळं एका पोत्यात भरतो. तूरडाळ, साखर, तेल, साबण कराडला घ्या किंवा भांडुपला, फार फरक पडत नाही. भाजी तर वाशीच्या बाजारातून येते, कधीकधी कराडपेक्षा ताजी असते. मुंबईत महाग आहे ती जागा. ज्या वस्तूला किंवा माणसाला इथे जागा लागते ती वस्तू, तो माणूस महाग. पाळणाघराच्या ६,०००मध्ये त्या बाईंच्या खोलीचं भाडं बसलेलं असतं. लॅबसमोरच्या टपरीवरचा चहासुद्धा त्या टपरीच्या जागेचा हप्ता भरत असतो. म्हणून काटकसर करायची तर ती जागेच्या खर्चात करायची. केळ्यांत केलेली काटकसर महिन्याला दीडशे रुपये देईल आणि पोरीच्या डब्यातलं केळं जाईल.

आता सासरे. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पाटण तालुक्यातून पिढ्यान् पिढ्या माणसं मुंबईत माथाडीला, गिरणीत, गोदीत आली आणि त्या पैशावर गावाकडची घरं उभी राहिली. पण ते कसं जमलं हे त्यांनी त्या चारचौघांत सांगितलं नाही. कदाचित त्यांना कधी कुणी विचारलंच नाही.

त्या काळी गावकीच्या खोल्या असायच्या. एका खोलीत दहा-बारा, कधी त्याहून जास्त गडी. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीवरून आलेला त्याच जागी वळकटी पसरणार. भाड्याची गंमत वेगळीच होती. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या जागांची भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकली होती. म्हणजे त्या जुन्या चाळींतल्या खोलीचं भाडं काही रुपयांत, आणि ते दहा-बारा जणांत वाटलेलं. जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे कुणाच्या तरी बायकोने आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत पहाटे चारला स्टोव्ह पेटवून थापलेल्या भाकऱ्या, महिन्याच्या ठरलेल्या पैशांत. गिरणगावातल्या अशाच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्याआधी त्या बायकांना बँक दारातही उभी करत नव्हती, हे मी बँकवाली म्हणून सांगते.

आणि सासऱ्यांचा संसार? तो गावाला. तुमच्या सासूबाई शेत बघत होत्या, गुरं बघत होत्या, म्हाताऱ्यांचं करत होत्या, पोरं वाढवत होत्या. पाळणाघर नाही, केजीची फी नाही, घरभाडं नाही, भाजी परड्यातली. मुंबईत त्यांचा फक्त एक अंग टाकण्यापुरता कोपरा होता. त्यांची मजुरी एकट्याची होती हे खरं, पण ती मनीऑर्डर होऊन गावी पोचायची आणि तिथे पुरायची, ती दोन बायकांच्या अंगमेहनतीवर, एक खानावळवाली आणि दुसरी तुमच्या सासूबाई. दोघींचा पगार कुठल्याच वहीत नाही.

तुम्ही उलटं केलंत. संसारच मुंबईत आणलात. मुलगी आईबापांजवळ वाढावी असं वाटलं, त्याची किंमत भरताय. ती चूक आहे असं म्हणायचं असेल तर ते सासऱ्यांनी आधी सासूबाईंना विचारून म्हणावं.

(पुढच्या यात्रेत हे सगळं चारचौघांत म्हणू नका. सासूबाईंशी बोला. भाकरी भाजताना विचारा की बाबा मुंबईत होते तेव्हा इथे काय काय तुम्ही एकट्याने केलंत. मला वाटतं, त्या बोलायला लागल्या की थांबणार नाहीत.)

बदलापूरचंही असंच आहे म्हणून मी एवढं लांबून आले. तुमचे मिस्टर अकाउंट्सला आहेत, त्यांनी हिशेब नीटच मांडला असणार. त्यांचे आकडे आधी बघू.

३४ लाखांच्या घराला बँक ३० लाखांचं कर्ज देईल असं धरू, म्हणजे ४ लाख आपले. मुद्रांक शुल्क, ३०,००० नोंदणी, १ टक्का जीएसटी हे सगळं मिळून अडीच लाखांच्या आसपास जाईल आणि त्यावर बँक सहसा कर्ज देत नाही. एकूण साडेसहा लाख हातात हवेत. एफडीचे साडेतीन, उरलेले तीन तुमच्या गळ्यातले. फर्निचर सोडा, पंखे कशाने लावणार हा प्रश्न मी विचारत नाही.

३० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के व्याज धरलं तर हप्ता २६,०३५. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती हे मिस्टरांना विचारा. व्याज २१,२५०, मुद्दल ४,७८५. आता मला सांगा, घरमालकाला दिलेले १९,५०० पाण्यात जातात, मग बँकेला दिलेले २१,२५० कुठे जातात? तेही भाडंच आहे, पैशाचं भाडं. पुढे मुद्दलाचा वाटा वाढत जातो हे मान्य. घरभाडंही वाढत जातं हे मान्य. वीस वर्षांनी तुमच्याकडे घर असेल, ही गोष्ट मी लहान मानत नाही. पण ‘भाडं वाया, हप्ता आपला’ हे वाक्य बिल्डरच्या माणसाने शिकवलेलं आहे, अकाउंट्सच्या माणसाने ते म्हणू नये.

शिवाय ताबा तीन वर्षांनी. तोवर तुम्ही राहणार भाड्यानेच. बिल्डरला बँक जसजसे पैसे सोडत जाईल तसतसं तुमचं व्याज चालू होईल. म्हणजे १९,५०० आहेतच, त्यावर हळूहळू चढत २१,२५०पर्यंत. आणि तुमची शिल्लक महिन्याला १७५ रुपये. इथेच खरं तर उत्तर संपतं.

तरी पुढे लिहिते, कारण मिस्टर म्हणतील, बोनस येईल, पगार वाढेल, मी ओव्हरटाइम करीन. त्यांनी एक रकाना घातलेलाच नाही, तुमच्या वेळेचा.

तुम्ही आज भांडुपला गाडीत चढता, मधे नाहूर, पुढचं मुलुंड. गाडीत बसायचीसुद्धा गरज पडत नाही. मिस्टरांना कांजूरमार्ग एकच स्टेशन, तिथून पवईची बस किंवा शेअर रिक्षा. सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर आहे, मुलुंड निम्म्याहून अलीकडे. गाडीत तासभर धरा, त्यात घरातून स्टेशन, पूल, फलाट, चुकलेली गाडी मिळवा. एका बाजूला आजच्यापेक्षा सव्वा तास जास्त, दोन्ही बाजूंचे अडीच तास. महिन्याचे २५ दिवस म्हणजे ६२ तास. तुमचा तासाचा पगार काढा, २६,००० भागिले २०० तास, १३० रुपये. ६२ तासांचे झाले आठ हजार आणि वर थोडे. ते हप्त्यात मिळवा. २६,०३५चा हप्ता ३४,०००वर गेला. आता त्यात सोसायटीचा मेंटेनन्स घाला, लांबच्या पासाचे पैसे घाला, आणि संध्याकाळी सातला बंद होणाऱ्या पाळणाघरात मूल आठपर्यंत ठेवायचं तर त्या बाई किती जास्त घेतील तेही घाला. घेणारच, त्यांनीही कुठल्या तरी गाडीची वाट बघणाऱ्या आईच्या पोराला अजून एक तास सांभाळायचं असतं.

मी डोंबिवलीहून फोर्टला २६ वर्षं गेले. माझं घर होतं, स्वतःचं, हप्ते फिटलेलं. लोकलच्या बायकांच्या डब्यात मटार सोलणाऱ्या, पालेभाजी निवडणाऱ्या बायकांचे कौतुकाने फोटो काढतात. मला ते कौतुक कधी कळलं नाही. आम्ही भाजी तिथे निवडायचो कारण घरी निवडायला वेळ नव्हता. दुसरं काय कारण असणार? मुलाला पहिल्यांदा ताप चढला तेव्हा मी कुर्ला आणि घाटकोपरच्या मधे बंद पडलेल्या गाडीत होते, मोबाइल नव्हते, घरी पोचले तेव्हा शेजारच्या काकूंनी त्याला डॉक्टरकडे नेऊन आणलं होतं. त्याला आता तो दिवस आठवतही नाही. मला काकूंच्या हातातला ओला टॉवेलसुद्धा आठवतो.

अडीच तास वाढणार ते दोघांचे, असं मिस्टर म्हणतील. त्यांचेही वाढतील, खरंय. पण पहाटे साडेपाचला उठून डबा करणार कोण आणि साडेसहाला उठून तो उचलणार कोण, हे घरोघरी ठरलेलं असतं. तुमच्या घरी वेगळं असेल तर मला जरूर कळवा, मी छापीन.

ब्रोशरमध्ये मेट्रो असेल. कांजूरमार्ग ते बदलापूर मेट्रो १४ प्रस्तावित आहे, तुमच्या दोघांच्या वाटेवरचीच. आली तर झकास. आली की घर घेऊ. प्रस्तावित मेट्रोचे पैसे बिल्डर आज घेतो आणि बसायला ती उद्या-परवा मिळते.

घर कधीच घेऊ नका असं मी म्हणत नाहीये, आणि बदलापूरला नावंही ठेवत नाहीये. तिथेच नोकरी असलेल्याला किंवा घरी बसून काम करणाऱ्याला ते गाव छान आहे, हवा तर भांडुपपेक्षा केव्हाही बरी. पुढेमागे घ्याल तेव्हा महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून बिल्डरने ताब्याची कोणती तारीख दिलीय ते बघा. तोंडी एक आणि तिथे दुसरी असते. करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे तो मागू शकत नाही. बदलापूरला घेणार असाल तर उल्हास नदीची पूररेषा आधी विचारा. जुलै २०१९मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, हजारावर माणसं बोटींतून बाहेर काढावी लागली. बिल्डरच्या माणसाला हे विचारलं की तो विषय क्लबहाउसकडे नेतो.

दागिन्यांबद्दल एकच. ते तुमचे आहेत. ते मोडून घर घ्यायची वेळ आलीच तर करारावर पहिलं नाव तुमचं. खरं तर घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. चौतीस लाखांवर ३४,००० वाचतात. मिस्टरांना हे हिशेबाच्या सुरात सांगून बघा आणि त्यांचा चेहरा कसा झाला ते पुढच्या पत्रात लिहा.

मग करायचं काय?

एफडीतून आधी ते लग्नाचं कर्ज फेडा. १४ हप्ते राहिलेत, पर्सनल लोनचं व्याज १५ टक्के धरलं तर आज एकरकमी एक लाख अकरा हजारांच्या आसपास भरावे लागतील. बँक मुदतीआधी फेडण्याचा आकार लावते का ते विचारून घ्या. व्याजात फार मोठी बचत होणार नाही, तीन-चार हप्तेच उरले असते तर मी हे सांगितलंही नसतं. पण पुढच्या महिन्यापासून ८,७०० मोकळे होतात आणि तुमच्या घराला आज श्वास घ्यायला तेवढीच जागा हवीय. एफडीत दोन लाख अडतीस-एकोणचाळीस हजार राहतील, म्हणजे तीन महिने घर चालेल एवढे. त्याला हात लावायचा नाही, दिरांनी मागितले तरी. मोकळ्या झालेल्या पैशांतले ६,६२५ पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका, एटीएम कार्ड नसलेल्या. ते गणपती, यात्रा, जून आणि आहेर यांचं खातं. मग महिन्याचे ६,८०० खरोखर उरलेले असतील.

दुसरं, जागा. तुमचा मोठा खर्च तिथे आहे, तर घासाघीसही तिथेच. दर ११ महिन्यांनी खोली बदलण्याला काहीही अर्थ नाही. पूर्वी एक वर्षाच्या आतला करार नोंदवायला लागत नाही म्हणून ११ महिन्यांची पद्धत पडली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५, यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. मग ११च का? सवयीने, आणि दलालाला दरवर्षी एक भाडं मिळतं म्हणून. या वेळी ३६ महिन्यांचा मागा. दरवर्षी ५ टक्के वाढ तुम्हीच आधी कबूल करा. मुदतीआधी खाली करायला सांगायचं नाही, ही अट लिहून घ्या. मालकाचाही फायदा आहे, मधल्या काळात खोली महिनाभर रिकामी पडत नाही आणि रंग काढावा लागत नाही. १९,५०० भाडं आणि ६०,००० डिपॉझिट धरलं तर तीन वर्षांचं मुद्रांक शुल्क साधारण १,९०० होतं, नोंदणी १,०००. दोनदा दलाली आणि दोनदा टेम्पो वाचले तर ५१,०००. एवढे पैसे कोथिंबिरीत वाचवायला तुम्हाला तीन जन्म लागतील.

एवढं करूनही मालक नाही म्हणाला तर दुसरी खोली बघा, पण भांडुप, नाहूर, मुलुंड, कांजूर एवढ्यातच. टेकडीकडे भाडी थोडी उतरतात, पण स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा मिळते का ते रात्री नऊला जाऊन बघा. दुपारी सगळीकडेच मिळते.

म्हाडाच्या सोडतीत नाव घालत जा. नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न धरतात, तुमचं वर्षाचं ९ ते १२ लाखांत बसेल, म्हणजे मध्यम उत्पन्न गट. डोमिसाइल दाखला आत्ताच काढून ठेवा, सोडत जाहीर झाली की तहसील कचेरीत रांग लागते. घर नाही लागलं तर अनामत परत मिळते. मुंबई मंडळ बघा तसंच कोकण मंडळही बघा, ठाण्याकडची घरं त्यात येतात. फक्त लॉटरी लागेल म्हणून बाकीचं काही थांबवू नका.

रेल्वेचा पास तीन महिन्यांचा काढा, तो महिन्याच्या पासाच्या २.७ पट असतो, तिपटीला नाही. किरकोळ आहे, पण रांगही दोनदा वाचते. आणि तुमच्या दोघांच्याही पगारावर नव्या करप्रणालीत आयकर बसत नाही. त्यामुळे कर वाचवायचा म्हणून कुणी विम्याची नवी पॉलिसी घेऊन आला तर त्याला चहा द्या आणि वाटेला लावा. ते २,५०० कुठल्या विम्याचे आहेत तेही एकदा बघा. बचतीच्या पॉलिसीचे असतील तर मला वेगळं पत्र लिहा, तो विषय मोठा आहे आणि माझं रक्त तापतं.

कराडचं मी टाळतेय असं वाटेल. तसं नाही, त्यात आज बोलण्यासारखं थोडंच आहे. तुमच्यासारखं काम कराडला मिळेल, दवाखाने आणि लॅब तिथे पुष्कळ. प्रश्न मिस्टरांचा. त्यांनी कराड-सातारा पट्ट्यात दोन-तीन ठिकाणी विचारून पगाराचा आकडा आणावा. तिथे भाडं ७-८ हजार, पाळणाघराऐवजी आजी आणि लग्नाच्या कर्जाचा हप्ता सुटलेला असेल, तर ८०,०००च्या जागी ५२,०००-५५,००० मिळाले तरी तुम्ही आजच्याएवढेच राहाल. आजी मात्र आधी हो म्हणायला हवी. पुन्हा एकदा तिचा वेळ न विचारता हिशेबात धरायचा नाही.

सासरी जाणारे १०,००० कमी करू नका. पण पुढच्या वेळी जाताना या सगळ्याचा कागद घेऊन जा, भाड्यापासून आहेरापर्यंत, आणि तो मिस्टरांनी वाचून दाखवावा, तुम्ही नाही. बापाला मुलाच्या तोंडून ऐकू द्या. माथाडीने आयुष्यभर पाठीवर वजन घेतलेलं असतं, १९,५०० रुपये एका खोलीचे म्हटल्यावर ते किती जड आहेत हे त्यांना पटकन कळेल.

राहता राहिले बदलापूर. मिस्टर माझं पत्र वाचून मान हलवतील आणि रविवारी पुन्हा साइट बघायला जातील, मला ठाऊक आहे. रविवारी सगळीच घरं स्टेशनजवळ असतात. तेव्हा एक करा. बदलापूरला कुणी ओळखीचं असेलच, भांडुपच्या प्रत्येकाचं असतं. त्यांच्याकडे रविवारी रात्री मुक्कामाला जा, मुलीला घेऊन. सोमवार ते गुरुवार तिथूनच कामाला जायचं, पोरीला रोज भांडुपच्या पाळणाघरात सोडायचं आणि संध्याकाळी घेऊन परत यायचं. डबा मिस्टरांनी करायचा. शुक्रवारी सकाळी दोघांनी बसून फ्लॅटचं ठरवायचं.

आणि आज येताना केळी आणा, डझनभर. स्टेशनवरून रिक्षाने.